कृत्रिम त्वचा आधी बधिर पावलांसाठी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तापमान ओळखणाऱ्या, रंग बदलणाऱ्या आणि हालचाल घडवणाऱ्या कृत्रिम त्वचेविषयीचे वृत्त आपल्या दैनिकात वाचले. त्यात यंत्रमानवांच्या हातांवर बराच भर होता. परंतु या संशोधनाची ज्यांना सर्वांत आधी गरज आहे, त्या बधिर पावलांच्या माणसांचा उल्लेख कुठे आढळला नाही, म्हणून हे पत्र.

माझे वडील वीस वर्षे मधुमेही होते. एका थंडीत पाय गार पडले म्हणून पायाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन ते झोपले. सकाळी अंथरूण काढताना आईला चादरीवर ओला डाग दिसला, तेव्हा टाचेवरचा लिंबाएवढा फोड फुटूनही गेला होता. दुखले नाही का, असे विचारल्यावर ते परक्याचा पाय पाहावा तसे स्वतःच्या टाचेकडे पाहत राहिले. जखम भरायला चार महिने लागले आणि पुढे त्यांच्या आंघोळीच्या पाण्यात आई आधी स्वतःचे कोपर बुडवून पाहू लागली.

मिरचीचा तिखटपणा आणि सुमारे 43 अंशांपुढची उष्णता आपल्या मज्जातंतूंतील एकच प्रथिन ओळखते, हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 सालच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. मधुमेहात हेच मज्जातंतू टोकाकडून, म्हणजे पावलांपासून, निकामी होत जातात. कुष्ठरोगानेही अशीच संवेदना जाते आणि चुलीवरचे भांडे उतरवताना हात भाजल्याचे कळत नाही.

अमेरिकेतील कॅलटेक आणि स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या ईटीएच या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थांतील संशोधकांनी 2017 मध्ये पेक्टिनचा, म्हणजे आपली पेरूची जेली ज्यामुळे धरते त्याच पदार्थाचा, पातळ पापुद्रा तयार केला. ऊब वाढली की त्यातील कॅल्शियमचे बंध सैल होतात, आयन, म्हणजे विद्युतभारित कण, मोकळे होतात आणि वीज अधिक सहज वाहते. त्यामुळे अंशाच्या शंभराव्या भागाइतका फरकही तो टिपतो. दोन्ही पावलांच्या एकाच जागी तापमानात 2.2 अंशांहून अधिक फरक टिकून राहिला, तर तो पायाला जखम होण्याचा पूर्वइशारा मानतात. म्हणजे अशा पायांसाठी लागते त्याहून कितीतरी जास्त संवेदनक्षमता आजच हाताशी आहे.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात झेनान बाओ यांच्या संशोधक गटाने 2023 मध्ये कृत्रिम त्वचेवरील दाबाचा संदेश उंदराच्या मेंदूपर्यंत पोहोचवून त्याचा पाय हलवून दाखवला. ते काम थोरच आहे, पण माणसापर्यंत यायला त्याला वेळ लागेल. मला रंग बदलण्याचा गुण अधिक मोलाचा वाटतो, कारण मधुमेहात अनेकदा दृष्टीही अधू होते आणि अशी त्वचा लावलेल्या मोज्याच्या तळव्याचा बदललेला रंग रुग्णाला नाही दिसला, तरी घरातल्या कोणालाही दिसेल.

या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा मधुमेही पावलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी अवश्य बोलावे, आणि असा मोजा किती रुपयांत मिळाला तर त्यांचे रुग्ण तो रोज घालतील, हे त्यांना विचारावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, कोल्हापूर