मुदत संपली, आता लायसन द्या : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : दारू पिऊन वाहन चालवल्याच्या गुन्ह्यात निलंबित झालेले लायसन मुदतीनंतर परत मिळण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ मध्ये एक नवं उपकलम आलं, २अ. निलंबनाची मुदत पूर्ण झाली आणि चालकाने उजळणी प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केलं, की लायसन त्याला परत करायचं, असं ते सांगतं. संसदेने दिलेला हा शब्द आहे. नाशिक जिल्ह्यात मुदत संपलेला चालक आरटीओच्या खिडकीवर गेला की त्याला ऐकायला मिळतं, 'कोर्टातून लिहून आणा.' कोर्टात सांगतात, 'हे आरटीओचं काम.' याच आठवड्यात एका टेम्पोचालकाची पुन्हा याच उत्तरावर बोळवण झाली, म्हणून हे पत्र. कोणत्याही एका कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण दुखणं कायदा राबवण्याच्या पद्धतीतलं आहे आणि ती पद्धत आपल्या खात्याची आहे.

दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याची वकिली इथे करायची नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की कलम १८५ लागलंच पाहिजे. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर १५,००० दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कसारा घाटाच्या उतारावर पिऊन ट्रक सोडणाऱ्याला यात एका रुपयाची सूट नको. आमचं भांडण शिक्षा भोगून झाल्यानंतर काय होतं, याच्याशी आहे.

नाकाबंदीत मशीनमध्ये फुंकायला लावतात, आकडा येतो आणि लायसन जप्त होतं. बदल्यात पावती मिळते. ती पावती नीट बघा, साहेब. गाडीचा नंबर, कलम, तारीख, सही, सगळं कार्बनच्या निळ्या ठशात. दोन महिने खिशात राहिली की घामाने अक्षरं पुसतात आणि घडीवर कागद फाटतो. याच कागदावर चालकाचं पोट अवलंबून असतं, कारण त्यावर कोणतं उपकलम लिहिलंय त्यावर सगळं ठरतं. कलम २०६ च्या उपकलम २ खाली जप्ती झाली असेल तर पावतीवर गाडी चालवता येते. उपकलम ४ खाली झाली असेल तर येत नाही, आणि दारूच्या केसमध्ये जप्ती उपकलम ४ खालीच होते. पावती एकसारखी दिसते, परिणाम उलटा असतो. हे कोणीही समजावून सांगत नाही. चालक समजतो, पावती आहे म्हणजे चालतंय, आणि पुढच्या नाक्यावर आणखी एका गुन्ह्यात अडकतो.

आता मुदतीचा हिशोब. चालकाची गाडी जप्तीच्या रात्रीपासून थांबली, पण निलंबन त्या रात्रीपासून मोजलं जात नाही. जप्त लायसन पोलीस परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे पाठवतात. त्याने चालकाला म्हणणं मांडायची संधी द्यायची, कारणं लेखी नोंदवायची आणि मग पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्र ठरवायचं, म्हणजे तेवढा काळ लायसन निलंबित. दुसऱ्या गुन्ह्याला लायसन रद्दच. हे झालं कलम १९ चं. कोर्टाचं कलम वेगळं, २०. त्यानुसार १८५ मध्ये दोषी ठरलेल्याला कोर्टाने किमान सहा महिने अपात्र ठरवायचं आहे. दोन अधिकारी, दोन आदेश, दोन तारखा. एकातले दिवस दुसऱ्यात वजा करायचे की नाही, याबद्दल खिडकीवर प्रत्येकाचं मत निराळं.

समजा, जप्ती जानेवारीत झाली. आरटीओचा आदेश मार्चमध्ये निघाला, म्हणजे त्याची मुदत जूनमध्ये संपली. जूनमध्ये लायसन हातात यायला हवं. येत नाही, कारण 'केस पेंडिंग आहे'. ऑगस्टमध्ये कोर्टाने दोषी ठरवून सहा महिने अपात्र केलं, ते फेब्रुवारीपर्यंत. कायद्याने सांगितले तीन आणि सहा महिने, घरी बसला तेरा. जानेवारी ते मार्च आणि जून ते ऑगस्ट हे महिने कोणत्याही आदेशात नाहीत. ते कोणी लादले, याला सही करणारा माणूस सापडत नाही.

कोर्टात काय होतं तेही सांगतो. नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टाच्या आवारात पहिला सल्ला मिळतो तो, 'गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो.' चालक कबूल करतो, कारण त्याला १०,००० चा आकडा दिसतो आणि सहा महिने दिसत नाहीत. कबुलीनंतर अपिलाचा मार्ग जवळजवळ शिक्षेच्या प्रमाणापुरताच उरतो. पुष्कळांना हे निकाल लागल्यावर कळतं. काही निकालांत दंडाची ओळ असते, अपात्रतेची ओळच नसते. मग आरटीओत विचारतात, 'कोर्टाने किती महिने दिले?' आणि चालकाकडे दाखवायला काही नसतं. म्हणून ज्याच्यावर ही वेळ आली आहे त्याने निकालाच्या दिवशीच प्रमाणित नकलेसाठी अर्ज टाकावा, नक्कल हातात आली की अपात्रतेची ओळ आणि तारीख तिथेच वाचावी, ओळ नसेल तर वकिलामार्फत कोर्टाच्या लगेच लक्षात आणावं आणि एक प्रत आरटीओच्या आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. शिक्का नसेल तर कागद दिलाच नाही असं धरा. आरटीओच्या आदेशावर हरकत असेल तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करावं लागतं. आदेश साध्या टपालाने जुन्या पत्त्यावर गेला तर हे दिवस कधी सुरू झाले यावरच वाद होतो. अपात्रता लांबलचक असेल तर आदेशापासून सहा महिने उलटल्यावर कलम २३ खाली ती उठवण्याचा किंवा कमी करण्याचा अर्ज ज्याने आदेश दिला त्याच्याकडेच करता येतो. तो फेटाळला तर पुढचा अर्ज तीन महिन्यांनंतर. ही तरतूद कायद्यात छापलेली आहे, कुठल्याही खिडकीच्या काचेवर नाही.

आणि ते उजळणी प्रशिक्षण. कायदा म्हणतो, कलम १२ खाली परवाना असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये किंवा केंद्राने अधिसूचित केलेल्या संस्थेत ते घ्यायचं. ठीक. मग जिल्ह्यात आज कोणत्या संस्थेचं प्रमाणपत्र स्वीकारलं जातं, फी किती, तास किती, पुढची तुकडी कधी, हे एका कागदावर लिहून दारात लावायला काय अडचण आहे? सुरगाण्याचा, पेठचा चालक एसटीने नाशिकला येतो, कोणीतरी सांगितलेल्या क्लासला पैसे भरतो, कागद घेऊन खिडकीवर जातो आणि ऐकतो, 'हे चालत नाही.' पैसे गेले, मजुरीचा दिवस गेला. खरं उत्तर कोणाला माहीत असतं, तर बाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या एजंटला. त्याचा दर वेगळा.

व्यावसायिक चालकाची अडचण आणखी एक. मालवाहू आणि प्रवासी वाहनाचं लायसन पाच वर्षांचं असतं. निलंबनाच्या काळात ते संपलं तर त्या वेळी नूतनीकरण होत नाही, आणि संपल्यावर वर्ष उलटलं की पुन्हा वाहन चालवण्याची चाचणी द्यावी लागते. वर सांगितलेले बेहिशोबी महिने इथे जीवावर येतात. तीस वर्षं ट्रक हाकलेला माणूस कागद उशिरा फिरल्यामुळे पुन्हा ट्रॅकवर उभा राहतो. अशा चालकाने जप्तीच्या दिवशीच लायसनची अंतिम तारीख बघून ठेवावी, वैद्यकीय दाखल्याचा फॉर्म १अ आधी तयार ठेवावा आणि निलंबनाची मुदत संपताच त्याच दिवशी नूतनीकरणाचा लेखी अर्ज द्यावा.

कार्ड परत मिळालं तरी सुटका नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय नियमांनुसार अपात्र ठरवलेल्या आणि रद्द केलेल्या लायसनची नोंद पोर्टलवर ठेवायची आहे. नोंद चढते लवकर, उतरवायला कोणी बसत नाही. अंबड आणि सातपूरच्या कंपन्यांसाठी बस चालवणारे ठेकेदार आता नंबर आणि जन्मतारीख टाकून ऑनलाइनच बघतात. हातात कार्ड, पडद्यावर 'सस्पेंडेड'. नोकरी पडद्यावरून ठरते. कार्ड घेतल्याबरोबर तिथेच उभं राहून सारथी या लायसनच्या सरकारी पोर्टलवर स्वतःचं स्टेटस तपासावं आणि जुनी नोंद दिसली तर लेखी तक्रार दिल्याशिवाय हलू नये. हे काम चालकाचं नाही, पण त्यालाच करावं लागतं.

या दिरंगाईचा परिणाम रस्त्यावर दिसतो, महोदय. टेम्पोचा हप्ता दर महिन्याला कापला जातो, फायनान्सवाला मुदत देत नाही. मुलांची फी, घरभाडं, आजारी आईची औषधं थांबत नाहीत. शिक्षा संपूनही लायसन मिळालं नाही तर पिंपळगाव बाजार समितीतला कांदा वाहणारा चालक शेवटी तसाच गाडीवर बसतो. अपात्र असताना गाडी चालवली तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते, आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा हातचा जातो. सुधारू पाहणाऱ्या माणसाला आपलंच खातं पुन्हा गुन्ह्याकडे ढकलतं, आणि वर रस्ता सुरक्षा अभियानाचे फलक लावतं.

फलकांवरून आठवलं. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये म्हटलं. पुढे २०१७ मध्ये महापालिका हद्दीतून जाणाऱ्या रस्त्यांना त्यातून वाट मिळाली. सरकारला दारूचा महसूल हवा, वायनरीचं पर्यटन हवं, गंगापूर धरणाच्या काठावर शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा हव्यात. तिथून रात्री शहरात परतायला सार्वजनिक वाहन किती वाजेपर्यंत मिळतं, हे एकदा आपण स्वतः उभं राहून बघा. पिणाऱ्याला तिथपर्यंत गाडीनेच नेणारी व्यवस्था उभी करायची आणि परतीच्या रस्त्यावर नाकाबंदी लावायची. नाकाबंदी लावाच, पण बसही लावा. सिंहस्थासाठी रस्ते रुंद होताहेत, हजारो वाहनं येणार आहेत, चालक लागणार आहेत. तेव्हा तरी हे कागद हलणार आहेत का?

आमची मागणी पैशाची नाही, माफीची नाही. उपकलम ४ खालच्या जप्तीच्या पावतीवर ठळक मराठीत छापा की या पावतीवर वाहन चालवता येणार नाही. जप्तीपासून आदेशापर्यंतचे दिवस निलंबनात धरले जावेत, यासाठी केंद्राकडे दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवा, आणि तोवर सुनावणी किती दिवसांत घ्यायची हे परिपत्रकाने बांधून द्या. कोर्ट आणि आरटीओ यांच्यात निकालाची प्रत चालकाच्या खिशातून न जाता थेट पोहोचेल अशी व्यवस्था गृह खात्याशी आणि न्यायालयाशी बोलून करा. मान्य प्रशिक्षण संस्थांची यादी फी आणि तारखांसह प्रत्येक कार्यालयाच्या दारात आणि संकेतस्थळावर लावा. मुदत संपली, प्रमाणपत्र जोडलं, तर सात दिवसांत कार्ड परत आणि त्याच दिवशी पोर्टलवरची नोंद उतरलेली, आणि तसं झालं नाही तर का नाही, हे अधिकाऱ्याच्या सहीने लेखी.

यातली कोणती गोष्ट आपल्या अधिकारात येते आणि ती कोणत्या तारखेपासून लागू होईल, एवढं लेखी कळवावं.

आपला,
व्यावसायिक चालकांचे लायसनचे अर्ज भरून देणारा एक नागरिक
पंचवटी, नाशिक