की लागलीच नाही

परळ, मुंबई
रविवार, रात्र

प्रिय सुऱ्या,

तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच, आईची शुगर आटोक्यात. संपला तो विषय.

आता हसून घे. मी परत फायटिंग गेम खेळायला लागलोय. ओमबरोबर, घरातच, ब्राउझरमध्ये. ‘ब्लीच व्हर्सेस नारुतो’ नावाचा, चिनी मंडळींनी केलेला. जपानच्या ‘वीकली शोनेन जंप’मध्ये १९९९ ला नारुतो सुरू झालं, २००१ ला ब्लीच, त्या दोन कॉमिक्समधली माणसं इथे एकमेकांना भिडतात. ओमला वाटतं ही मिसळ त्याच्याच पिढीने पाहिली. म्हटलं, बाळा, आमच्या गल्लीतल्या पार्लरमध्ये किंग ऑफ फायटर्स ९७ होता. फेटल फ्युरीचा टेरी आणि आर्ट ऑफ फायटिंगचा रियो एकाच मशीनमध्ये! तो ‘बरं’ म्हणाला. ते ‘बरं’ तू ऐकायला हवं होतंस.

जॉयस्टिक नाही. दोघांत एकच कीबोर्ड. लॅपटॉपला नंबरपॅड नाही, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तातला कीबोर्ड आणला. डावीकडे मी: जे मारायला, के उडीला, एल झेपेला, यू लांबून वार करायला, आय मोठ्या हल्ल्याला, एस अडवायला. ओ दाबला की मदतीला तिसराच कुणीतरी उगवतो, एक लगावतो आणि पसार होतो. थेट आपला नंदू. उजवीकडे ओम, बाण आणि नंबरपॅडवर. सुरुवातीला मी नुसता जे बडवत होतो. जे बडवलं तरी फटक्यांची माळ आपोआप लागते, त्यामुळे नवख्याला वाटतं आपल्याला येतंय. समोरच्याने अडवून धरलं आणि झेप घेऊन तो पाठीमागे आला, की मग कळतं.

तर गेल्या रविवारी मी जिंकलो. ब्लीचमधला इचिगो माझा, नारुतो त्याचा. मी एवढा ओरडलो की ही पोळी तव्यावर टाकून बाहेर आली. पुढच्या डावात मी स्क्रीन सोडून ओमच्या हाताकडे पाहिलं. डाव्या हाताचं मधलं बोट खालच्या बाणावर टेकलेलं. त्याचं अडवणं तिथेच आहे. नखाजवळची साल कुरतडलेली, दहावीचं वर्ष. मी आय दाबला. बोट हललं नाही. परत जिंकलो.

“अडवलं का नाहीस?”

“बाबा, की लागलीच नाही.”

आता याला खोटं तरी कसं म्हणू? स्वस्त कीबोर्डवर दोघांनी मिळून खूप बटणं एकदम दाबली की काही खरंच लागत नाहीत. पण ते वाक्य ऐकलं आणि तूच उभा राहिलास डोळ्यांसमोर. हरलास की ‘बटण चाललं नाही’! पक्याने जागा बदलून दिली तरी तेच. मी रुपया मागितला तर आठवडाभर अबोला. चूक तुझी होती, आजही आहे.

पण सुऱ्या, मी बोट पाहिलंय.

आणि मग अण्णांचा कॅरम डोक्यातून जाईना. मोतीबिंदूनंतर आपण राणी मुद्दाम त्यांच्या बाजूच्या भोकापाशी सोडायचो, तू तर स्ट्रायकर निसटल्याचं नाटक छान करायचास. त्यांना कळत असेल का रे? अण्णा तेव्हा साठीला टेकले होते. मी अजून पन्नाशीलाही आलो नाही. याने इतक्या लवकर का सुरू करावं? ही म्हणते, पोरगं प्रेमाने करतंय, गप खेळा. अरे, आपणही प्रेमानेच करत होतो की, तिथेच तर पोटात गोळा येतो! ओमला विचारावं म्हटलं तर काय विचारू? नाही म्हणाला तर पटणार नाही, हो म्हणाला तर पुढच्या रविवारी खेळायचं कसं?

सध्या सगळे झोपले की कॉम्प्युटरविरुद्ध सराव करतो. अडवून लगेच झेप, हे थोडं जमतंय. त्याला तो खालचा बाण दाबायलाच लागला पाहिजे, एवढं आलं तरी पुष्कळ.

तुझ्या बदलीचं काय झालं? तन्वीचं अभिनंदन, उशिरा का होईना. वहिनींना सांग, मसाला पोचला. अण्णांबद्दल तुला काय वाटतं ते मात्र लिहूनच कळव. फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस.

तुझा,
विज्या

ता.क. नंबरपॅडवरचा ३ अडकायला लागलाय. म्हणजे ओमची झेप. नवा कीबोर्ड आणू, की राहू दे थोडे दिवस?