कुलाबा किल्ल्याला जाण्याआधी तिथी बघ

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

मित्रांना घेऊन अलिबागला निघालाच आहेस, तर दिवस रविवार बघून नको, तिथी बघून ठरव. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला वाट पाण्याखाली जाते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. त्यात सव्वासहा तास मिळव, की ओहोटी. तृतीयेला सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी साडेआठला पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. हा ठोकताळा थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून छापील तक्त्याशी ताडून घे.

अष्टमीची ओहोटी भर दुपारी, ऐकायला सोयीची. पण तेव्हा भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असते, पाणी पुरतं उतरतच नाही आणि पँट भिजते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वाट छान उघडी पडते, पण ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळी गेलात तर परतताना अंधार. माझ्या मते द्वितीया ते चतुर्थीची सकाळ सर्वांत बरी.

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी किनारा सोडा आणि ओहोटीनंतर तासाभरात परतीला लागा. लोक फसतात ते इथेच. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याइतकंच पाणी वाढतं, त्यामुळे ‘अजून वेळ आहे’ असं वाटतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र पाव-पाव हिस्सा चढतो, आणि खोलगट जागा आधी भरतात. घोडागाडीने गेलात तरी परतीची वेळ गाडीवाल्याशी आधीच ठरवा.

साध्या चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल घाल. खडकांवर शेवाळ असतं, आणि त्यांना चिकटलेल्या कालवांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, कडा ब्लेडसारख्या कापतात.

आत शिरण्याआधी तट नीट बघ. मोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींतून आत शिरतं आणि तसंच निघून जातं, त्यामुळे भिंतीवरचा मारा कमी होतो. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. पुढे हे कान्होजी आंग्र्यांचं ठाणं. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले, तरी हाती काही लागलं नाही. उत्तरेच्या तटाजवळच्या चाकांच्या दोन तोफांना आंग्र्यांच्या समजून सगळे फोटो काढतात. त्यांच्यावरची अक्षरं वाच: यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आहे. आंग्र्यांची खूण बघायची तर राघोजींनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आणि शेजारची पुष्करणी बघ.

शेजारचा छोटा किल्ला, सर्जेकोट, उरलेल्या वेळेत. घड्याळ पुढे गेलं असेल तर सोडून दे. पावसाळ्यात मात्र हा बेतच नको.

तारीख ठरली की कळव, ओहोटीची वेळ मीही काढून बघतो.

तुझे,
बाबा