परराष्ट्रमंत्री साहेब, कराचीला 19 आणि सोलापूरला 50, हे कसं काय?

दि. 3 नोव्हेंबर 2025, सोलापूर

प्रति,
मा. श्री. एस. जयशंकर साहेब,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: शेजाऱ्यांच्या घरात अमेरिकेचा वाढता वावर आणि माझ्या गोडाऊनमधला माल

सा. न. वि. वि.

साहेब, आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव आहे, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं, पण जमेल असं वाटत नाही, माफी असावी.

अक्कलकोट रोडला माझा टॉवेलचा कारखाना आहे. 24 लूम, त्यातले आज 9 चालू. आजोबा तेलंगणातून इथं गिरणीत कामाला आले, वडिलांनी 4 माग टाकले, मी कर्ज काढून 24 केले आणि रंग असाच राहिला तर माझा पोरगा परत 4 वर आणणार.

परवा शुक्रवारी, 31 ऑक्टोबरला, दुपारी टीव्हीवर बघितलं की क्वालालंपूरला आपले संरक्षणमंत्री आणि अमेरिकेचे संरक्षणमंत्री हेगसेथ साहेब यांनी 10 वर्षांच्या संरक्षण सहकार्याच्या करारावर सह्या केल्या, हात मिळवले, फोटो झाले. म्हटलं चला, दोस्ती परत रुळावर येतेय, आता टॅरिफचंही, म्हणजे अमेरिकेनं आपल्या मालावर लावलेल्या आयात कराचंही, काहीतरी होईल. त्याच रात्री अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचा मेल आला. 11 वर्षांचं गिऱ्हाईक. चार ओळी. उरलेली ऑर्डर कॅन्सल, पुढचा माल कराचीहून घेतोय, तुमच्या क्वालिटीबद्दल तक्रार नाही, शुभेच्छा.

तक्रार कशी असेल हो? 550 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 550 ग्रॅमचा, टेरी टॉवेल आहे, धुऊन धुऊन फाटत नाही. पण 27 ऑगस्टपासून माझ्या टॉवेलवर 50 टक्के आणि कराचीच्या टॉवेलवर 19 टक्के. बांगलादेशवाल्याला 20, श्रीलंकेला 20. टॉवेलवरची जुनी ड्युटी आहेच, ती सगळ्यांनाच. 50 मधून 19 गेले, 31 उरले. टॉवेलच्या धंद्यात 31 टक्के मार्जिन असतं तर मी पत्र लिहीत बसलो नसतो, तुमच्या शेजारी बंगला घेतला असता.

आता तुम्ही म्हणाल की हा विषय वाणिज्य मंत्रालयाचा, इकडे कशाला आलात. तिकडेही जाऊन आलोय साहेब. सप्टेंबरमध्ये एका बैठकीत एका मोठ्या साहेबांनी आम्हा 40-50 कारखानदारांना सांगितलं, दिवाळीच्या आत गोड बातमी. तोंडी नाही, माईकवर. फेब्रुवारीत पंतप्रधान वॉशिंग्टनला गेले तेव्हाही ठरलं होतंच की व्यापार कराराचा पहिला टप्पा यंदाच्या शरद ऋतूपर्यंत. कोजागिरी झाली, दिवाळी झाली. शरद कधी आला कधी गेला कळलं नाही, आम्ही कामगारांना बोनस अर्धा दिला आणि अर्ध्याची तारीख दिली. बायकोच्या पाटल्या बँकेत आहेत, यापेक्षा जास्त लिहीत नाही.

पण मला वाणिज्य मंत्र्यांना नाही, तुम्हालाच विचारायचंय, कारण 50 आणि 19 मधला फरक टॉवेलचा नाहीच आहे. तो जेवणाचा आहे. 18 जूनला व्हाइट हाऊसमध्ये पाकिस्तानचे लष्करप्रमुख मुनीर जेवले. पंतप्रधान नाही, राष्ट्राध्यक्ष नाही, लष्करप्रमुख! पहलगामला आपली माणसं मारली गेली त्याला दोन महिनेही झाले नव्हते. दोन दिवसांनी पाकिस्ताननं ट्रम्पना नोबेलसाठी शिफारस जाहीर केली, जुलैच्या शेवटी त्यांचा टॅरिफ 19 वर आला, तेल काढायचा करार झाला आणि वर ट्रम्प म्हणाले की काय सांगावं, एक दिवस ते भारतालाही तेल विकतील. सप्टेंबरमध्ये पाकिस्तानचे पंतप्रधान शरीफ आणि मुनीर दोघं ओव्हल ऑफिसात लाकडी पेटी उघडून खनिजांचे दगड दाखवतायत असा फोटो आला. आमच्याकडे फेरीवाला साड्या दाखवतो ना तसं. हसू आलं बघून, मग लक्षात आलं की त्याचा माल खपला आणि माझा पडलाय.

आणि 10 मेची ती संध्याकाळ. आमच्या मुलांनी जिवावर उदार होऊन ऑपरेशन सिंदूर केलं आणि शस्त्रसंधी झाली हे आम्हाला कोणी सांगितलं? ट्रम्पनी, सोशल मीडियावर, आपल्या परराष्ट्र सचिवांच्या आधी. तुम्ही संसदेत सांगितलंत की मध्यस्थी कुणीही केली नाही. मी तुमच्यावर विश्वास ठेवतो. पण ते गृहस्थ तेव्हापासून जिथं जातील तिथं तेच सांगतायत, व्यापाराची धमकी देऊन युद्ध थांबवलं म्हणून, आणि आम्ही मोजायचं सोडून दिलं. व्यापार म्हणजे कोण? मीच ना?

माझे वडील 78 वर्षांचे आहेत. मेल आला तेव्हा ते झोपाळ्यावर बसले होते, त्यांना सांगितलं तर म्हणाले, "सातवं आरमार." एवढंच. आमच्या घरात 1971 पासून अमेरिकेला हाच शब्द आहे. डिसेंबरमध्ये रेडिओला कान लावून बसायचे म्हणे, त्या आरमारातली एंटरप्राइझ नावाची विमानवाहू बोट बंगालच्या उपसागराकडे निघालीय म्हणून. पण त्याच्याही आधीचं आहे हो सगळं. 1954 मध्ये पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार झाला, त्याच वर्षी त्यांना सीटो या लष्करी गटात घेतलं, पुढच्या वर्षी बगदाद करारात. आयझेनहॉवरनी नेहरूंना पत्र लिहून शब्द दिला होता की ही शस्त्रं आक्रमणासाठी वापरली तर आम्ही बघून घेऊ. 1965 ला तेच पॅटन रणगाडे खेमकरणला आले. आपल्या अब्दुल हमीदनी फोडले म्हणून, नाहीतर शब्द काय, रणगाड्याला थोडाच अडवतो! पेशावरजवळ बडाबेरला अमेरिकेचा हेरगिरीचा तळ होता, 1960 ला रशियानं पाडलेलं ते यू-2 विमान पेशावरहूनच उडालं होतं. मग अफगाणिस्तानात रशियाविरुद्धचं युद्ध, मग रेगन साहेबांचे 3.2 अब्ज डॉलर आणि एफ-16 लढाऊ विमानं. 2004 ला तर नाटोत नसलेला प्रमुख मित्र असा दर्जाच दिला. 2011 मध्ये लादेन कुठं सापडला? अबोटाबादला, त्यांच्या लष्करी अकादमीच्या कुशीत. दर्जा तसाच आहे. ट्रम्पनी स्वतः 2018 च्या 1 जानेवारीला लिहिलं होतं की 15 वर्षांत 33 अब्ज डॉलर दिले आणि बदल्यात खोटेपणा मिळाला. आता तोच माणूस मुनीरना माझे आवडते फील्ड मार्शल म्हणतो. आमच्याकडे लग्न जमवणारी माणसंसुद्धा इतक्या लवकर बाजू बदलत नाहीत.

2022 ला बायडेन सरकारनं दहशतवादाशी लढायला म्हणून पाकिस्तानच्या एफ-16 साठी 45 कोटी डॉलरचं पॅकेज काढलं तेव्हा तुम्हीच वॉशिंग्टनमध्ये उभं राहून म्हणाला होतात की असं सांगून तुम्ही कुणालाही फसवू शकत नाही. काय टाळ्या वाजवल्या होत्या आम्ही! तो व्हिडिओ मी स्वतः फॉरवर्ड केलाय, कारखान्याच्या ग्रुपवर, चुलत्यांच्या ग्रुपवर, सगळीकडे. यंदा फेब्रुवारीत त्याच एफ-16 साठी परत 39 कोटी 70 लाख डॉलर सुटले. या वेळी व्हिडिओ आला नाही, का आला आणि मला फॉरवर्ड झाला नाही?

बरं, एकटं पाकिस्तान नाही. श्रीलंकेनं अमेरिकेशी लष्करी रसदीचा करार 2007 लाच केला, मालदीवनं 2020 मध्ये संरक्षणाचा करार केला, नेपाळनं रस्त्यांवर दगडफेक सोसून अमेरिकेच्या मदतीचा 50 कोटी डॉलरचा एमसीसी करार मंजूर केला. बांगलादेशनं टॅरिफ कमी व्हावा म्हणून 25 बोइंग घेतो म्हटलं. म्हणजे आपल्या चारी बाजूंनी जो तो आपापलं दुकान लावून बसलाय. आणि आपण? आपणही अमेरिकेशी लष्करी करार केले, लेमोआ 2016, कॉमकासा 2018, बेका 2020, सगळ्यावर सह्या करून बसलोय. अहमदाबादच्या मोटेरा स्टेडियमला लाखभर लोक जमवून ट्रम्पना नमस्ते केला. सह्या सगळ्यांच्या सारख्याच, मग दर वेगळे का? रशियन तेल घेतो म्हणून आपल्याला दंड म्हणाल तर चीन आपल्यापेक्षा जास्त घेतो, त्याला तेलाचा दंड नाही. इराणच्या चाबहार बंदराला अमेरिकेच्या निर्बंधांतून सहा महिन्यांची सवलत मिळाली यावर आपण खूष. आपण यंत्रं पुरवलेलं टर्मिनल आपण चालवायचं आणि परवानगी वॉशिंग्टनची!

यावर उपाय म्हणून सरकारनं काय केलं तर कापसावरची 11 टक्के आयात ड्युटी काढली, डिसेंबरपर्यंत. मला सूत स्वस्त मिळावं म्हणून. माझा साडू परभणीला आहे, 6 एकर कापूस, त्यानं भाऊबीजेला माझ्याशी बोलणं टाकलं. म्हणतो तुमच्यासाठी आमचा भाव पाडला. मी त्याला काय सांगू, की मला सूत स्वस्त मिळून लूमच बंद आहेत? त्याचाही गेला, माझाही गेला, आणि अमेरिकेचा कापूस मात्र बिनड्युटीचा आत आला. हे कुणाच्या डोक्यातून निघतं त्या माणसाला एकदा सोलापूरला पाठवा, हुरड्याच्या दिवसांत पाठवा, आम्ही जेवू घालू.

बँकेला सीसी, म्हणजे खेळत्या भांडवलाची उचल, वाढवून मागितली तर तारण आणा म्हणतात. जीएसटीचा रिफंड अडकलाय, विचारलं तर पोर्टल बघा. पोर्टलवर प्रलंबित. खासदार सांगतात दिल्लीशी बोलतो, दिल्ली म्हणते चर्चा सकारात्मक वातावरणात सुरू आहेत. साहेब, वातावरणावर लूम चालत नाही, त्याला बीम लागतं, सूत लागतं, लाईट लागते. तुमच्या खात्याची निवेदनं मी हल्ली वाचतो, राष्ट्रहित हा शब्द प्रत्येकात असतो. त्या हितात मी बसतो का नाही एवढं एकदा कळवा, म्हणजे मी तरी वेगळी सोय बघेन.

मागणी अशी काही मोठी नाही. 19 आणि 50 का, हे संसदेत साध्या भाषेत सांगा. आणि करार कधी होणार ती तारीख सांगा, नाहीतर होणार नाही असं सांगा.

तारीख का हवी ते सांगतो. गोडाऊनमध्ये 212 बॉक्स पडलेत. प्रत्येक टॉवेलच्या कोपऱ्यात त्या अमेरिकन गिऱ्हाइकाच्या ब्रँडचं लेबल शिवलंय, त्यामुळे तो माल दुसऱ्या कुणाला देता येत नाही. इथल्या बाजारात काढायचा तर एकेक लेबल उसवावं लागेल, तेही टेरीचा दोरा न ओढता, आणि एकदा उसवलं की तो माल परत एक्स्पोर्टला जात नाही. हेमिंगला, म्हणजे टॉवेलच्या कडा शिवायला, एक मावशी आहेत, 19 वर्षं आमच्याकडे, तेलुगू बोलतात, पीसवर काम करतात आणि दीड महिना हाताला पीस नाही. काल त्यांनी विचारलं, "मालक, तो ट्रम्प काय म्हणलालाय? उसवायला घेऊ का?"

मी म्हटलं थांबा, दिल्लीला विचारतो.

आपला,
एक यंत्रमागधारक,
अक्कलकोट रोड, सोलापूर