नाना, चिंच पाऊस पडल्यावरच लावा

पुणे, 18 मे

ती. नाना आणि आईस सा. न. वि. वि.

काल आई फोनवर म्हणाली, नाना भर दुपारी टिकाव घेऊन मोरीमागे खणत होते. अमळनेरला पारा 44 वर आणि तुम्ही डोक्याला नुसता पंचा बांधून! नाना, डब्यातलं रोप आत्ता लावलंत तर आठ दिवसांत करपेल. दोन चांगले पाऊस होऊ द्या, मग लावा.

खड्डा मात्र आता हवा, पण गड्याकडून. तीन फूट लांब, रुंद आणि खोल. उन्हात तापू द्या, मग शेणखत भरा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, कोवळ्या मुळ्या कुजतात. थोडा मुरूम मिसळा. आणि मोरीमागे नकोच. चिंच घेरेदार होते, घरापासून तीसेक फूट तरी लांब हवी. कडब्याची गंजी असायची तो कोपरा बरा.

आई, चिंचेवर भूत असतं म्हणून तुझा विरोध, हे मला पटत नाही. तुला भीती केराची आहे! ती बारीक पानं अंगणभर पडणार नि झाडणार तूच. कोपऱ्यात लावलं की हाही प्रश्न मिटला.

बारा चिंचोके पेरले, तीनच उगवले म्हणून नाना हिरमुसले होते ना? टरफल टणक असतं, पाणी आत शिरत नाही. लहानपणी चौपटाच्या खेळासाठी दादा नि मी ओट्याच्या फरशीवर चिंचोके घासायचो, एक बाजू पांढरी होईपर्यंत. घासून तापलेला चिंचोका दादा हळूच माझ्या दंडाला लावायचा, मी बोंबलत तुझ्याकडे यायचे. पेरायला तेवढं घासायचं नाही, टरफलाला एका बाजूने ओरखडा पडला की पुरे. मग रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी फुगलेला दिसेल तोच पेरा.

"मी कुठे खाणार त्याच्या चिंचा" असं परत म्हणू नका. बियांच्या झाडाला आठ-दहा वर्षं लागतात, कबूल. म्हणून आषाढात येताना 'प्रतिष्ठान' जातीच्या चिंचेचं कलम आणते, ते चार-पाच वर्षांत धरतं. कलमाच्या जोडाखाली फूट आली की लगेच खुडायची, नाहीतर रानझाडच वाढतं. तुमचं रोपही लावूच, दोघांत तीस फूट अंतर ठेवून.

पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी लागेल, पण बादल्या उचलायच्या नाहीत. बुडाला भोक पाडून, त्यात सुताची वात घालून मडकं शेजारी पुरा; दोन-तीन दिवसांनी भरलं की झालं. मडकं भरायला शेजारचा पोरगा येईल, दादा बोललाय त्याच्याशी.

आई, मीठ लावलेली चिंच संपली. नवी फोडलीस तर एक गोळा ठेव. चिंचोके काढलेस तरी फेकू नकोस.

तुमची,
बेबी