संजू, व्हिडिओ डिलीट करू नकोस

कराड,
१० फेब्रुवारी

प्रिय संजू,

रविवारी तुझा फोन मध्येच कट झाला. धडगावच्या रेंजची आता सवय झाली आहे, पण शेवटचं जे वाक्य कानावर आलं ते दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. "फोन भरला रे, आता स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ उडवूनच टाकतो." म्हणून सगळं लिहूनच काढतोय. लॅपटॉपशेजारी पत्र ठेवून सावकाश करून बघता येईल. हे वाचून होईपर्यंत एकही व्हिडिओ उडवू नकोस, एवढं माझं ऐक.

एवढ्या कळकळीने का सांगतोय ते आधी सांगतो. आमच्या पडवीतलं जातं तुला आठवत असेल, डी.एड.ला असताना तू राहायला यायचास तेव्हा आई त्यावर मेतकूट दळायची. २०१९च्या दिवाळीत तिला आग्रह करून तिथे बसवलं आणि फोनवर तिच्या ओव्या घेतल्या, सलग २२ मिनिटं. पुढे फोन भरला. व्हिडिओ लहान करणारं कुठलंसं फुकटचं ॲप घेतलं, सर्वात लहान साइजचं बटण दाबलं आणि मूळ फाईल लगेच काढून टाकली. फोनच्या स्क्रीनवर बरं दिसलं होतं ना! आईच्या वर्षश्राद्धाला तीच फाईल टीव्हीवर लावली. आवाज होता. चेहराही ओळखू येत होता. पण खुंट्यावरचा हात म्हणजे नुसते चौकोन, जातं फिरतंय तिथे राखाडी चिखल, आणि कोपऱ्यात त्या ॲपचं नाव. बांगड्या ऐकू येतात, दिसत नाहीत. मूळ फाईल कुठेच उरलेली नाही.

हातच का गेला, हे मला नंतर समजलं. व्हिडिओ म्हणजे सेकंदाला २५-३० फोटो. लहान करणारं सॉफ्टवेअर प्रत्येक फोटो पूर्ण साठवत नाही. मागच्या फोटोतलं जे तसंच आहे ते पुन्हा लिहीत नाही, जे हललं किंवा बदललं तेवढंच लिहितं. तुझ्या शाळेच्या स्टेजचा पडदा तासभर तसाच राहतो, त्याला जागा फारशी लागत नाही. लेझीम सुरू झाली, धुरळा उडाला, वरून कागदाची फुलं पडली की प्रत्येक फोटो वेगळा, म्हणून जागा जास्त. जागा कमी दिली तर मोडतं ते आधी हलणारंच. आईच्या व्हिडिओत भिंत शाबूत राहिली आणि हात गेला, तो यामुळे.

आता तुझा हिशोब. साधा फोन फुल एचडीमध्ये मिनिटाला साधारण १३० एमबी खातो. अडीच तासांचा कार्यक्रम म्हणजे १९-२० जीबी. फोन काही तुझ्यासाठी निवांत बसून नीट घडी घालत नाही, त्याला तिथल्या तिथे साठवायचं असतं, म्हणून फाईल फुगते. तेच काम लॅपटॉपवर वेळ घेऊन केलं तर डोळ्याला फरक न जाणवता फाईल बरीच लहान होते. किती होईल ते व्हिडिओत हालचाल किती यावर आहे, त्यामुळे आकडा आधी सांगत नाही.

यासाठी हॅण्डब्रेक नावाचं सॉफ्टवेअर घे. पूर्ण फुकट, ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना खुला, कोपऱ्यात नाव टाकत नाही, जाहिराती नाहीत. एरिक पेती नावाच्या प्रोग्रामरने २००३ मध्ये ते सुरू केलं आणि आता स्वयंसेवक चालवतात. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीवर चालतं. फक्त हॅण्डब्रेक डॉट एफआर या त्यांच्या साइटवरूनच घ्यायचं. गुगलवर शोधलंस तर वर जाहिराती येतात, त्यातली एकही उघडू नकोस. आणि हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. २०१७च्या मे महिन्यात खुद्द हॅण्डब्रेकच्या एका डाउनलोड सर्व्हरवर कोणीतरी मॅकची फाईल बदलून व्हायरसवाली ठेवली होती, २ ते ६ मे. त्यांनी ते स्वतःच जाहीर केलं आणि तपासायचं कसं तेही सांगितलं. अशा लोकांवर माझा विश्वास बसतो. विंडोजवर सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट नावाचं जोड-सॉफ्टवेअर मागू शकतं, ते बिनधास्त टाक.

उघडलंस की व्हिडिओची फाईल आत ओढ. वर प्रीसेट म्हणजे तयार सेटिंग असतात, त्यात 'फास्ट १०८०पी३०' निवड. खाली 'सेव्ह ॲज'मध्ये वेगळा फोल्डर दे, नाव ठेव 'लहान'. मग 'व्हिडिओ' टॅबमध्ये जा. तिथे आरएफ नावाची एक पट्टी आहे, सगळी गंमत त्या एका पट्टीत आहे. आकडा कमी केला की चित्र चांगलं आणि फाईल मोठी, वाढवला की उलट. २२वर असतो. फुल एचडीसाठी २० ते २४ चालतं, असं हॅण्डब्रेकवालेच सांगतात. साधारण ६ने वाढवला की फाईल निम्म्याच्या आसपास येते, पण २८-३०च्या मोहात पडू नकोस. आवाजाला हात लावू नकोस. तो मिनिटाला सव्वा एमबीसुद्धा घेत नाही, तिथे वाचवून मिळणार काय? मुलांच्या ढोलाचा आणि फुंकून वाजवायच्या पावरीचा आवाज जसा आहे तसा राहू दे.

आणि आता जे मी तेव्हा केलं नाही ते. पूर्ण व्हिडिओ लावण्याआधी तुकडा काढून बघ. वर 'रेंज'मध्ये 'सेकंद्स' निवडून लेझीम जिथे सर्वात जोरात आहे तिथली ३० सेकंदं दे. भाषणाची नको, भाषण नेहमीच छान दिसतं. तो तुकडा शाळेच्या टीव्हीवर लाव आणि मुलांच्या पायांकडे बघ. पाय स्वच्छ दिसले तर पुढे जा, चौकोन दिसले तर आरएफ दोनाने खाली आण. समाधान झालं की रेंज पुन्हा पूर्ण कर, सगळे व्हिडिओ एकेक करून 'ॲड टू क्यू'ने रांगेत लाव, 'व्हेन डन'मध्ये शटडाउन निवड, रांग सुरू कर आणि झोप. जुन्या लॅपटॉपला तासाच्या व्हिडिओला तासाहून जास्त लागेल, गरमही होईल, म्हणून गादीवर ठेवू नकोस, टेबलावर ठेव. नव्या फाईलवर आजची तारीख पडते, तेव्हा नावातच '२०२६ स्नेहसंमेलन लेझीम' असं काही लिही. दहा वर्षांनी शोधताना तुझाच जीव वाचेल.

पालकांना पाठवायचे ते वेगळे काढ, ७२०पीच्या, म्हणजे लहान चित्राच्या, प्रीसेटने. व्हॉट्सॲपवर गॅलरीतून पाठवलास तर व्हॉट्सॲप आणखी एकदा दाबून चेंदामेंदा करतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव, २ जीबीपर्यंत आहे तसा जातो. एकेका नाचाचा वेगळा तुकडा केलास तर पाड्यावरच्या माणसाला आपल्याच मुलीचा नाच उतरवून घेता येईल, अख्खा कार्यक्रम उतरवायला त्याचा डेटा कुठून पुरणार?

तू दुसरं विचारलं होतंस, वर्गासाठी मोठे व्हिडिओ दिवसा उतरतच नाहीत. दिवसा तुझ्याकडे अर्धा एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला अर्धा मेगाबिट मिळतं म्हणालास (आठ मेगाबिटचा एक एमबी). त्या वेगाने १ जीबीला साडेचार तास लागतात, आणि मध्ये एकदा कट झालं की ब्राउझर बरेचदा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. रात्री सगळं गाव झोपलं की तोच टॉवर तुझ्या एकट्याचा. ४ एमबीपीएस मिळालं तरी तोच १ जीबी ३५ मिनिटांत येतो. त्यात काही रिचार्जमध्ये मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंतचा डेटा मोजत नाहीत, तुझा कुठला आहे ते बघ.

त्यासाठी फ्री डाउनलोड मॅनेजर नावाचं सॉफ्टवेअर वापर. लिंक टाकलीस की त्याच खिडकीत 'शेड्यूलर' येतो, त्यावर टिक करून वार आणि वेळ द्यायची, समजा रात्री १२ ते ५. नेट गेलं, लाईट गेली, तरी थांबलं तिथून पुढे सुरू होतं. मात्र समोरच्या सर्व्हरने तशी सोय दिलेली असायला हवी. लॉगिन करून मिळणाऱ्या लिंक काही तासांत मरतात, त्या रात्रीसाठी ठेवून उपयोग नाही. दिवसा काही उतरवणं भागच असेल तर त्यात गोगलगायीचं चित्र आहे, ते दाबलं की डाउनलोडचा वेग कमी होतो आणि तुझं बाकीचं नेट चालू राहतं. हेही मूळ साइटवरूनच घे. २०२३ मध्ये उघड झालं होतं की २०२० ते २०२२ या काळात त्यांच्या साइटवरून काही लिनक्सवाल्यांना खोट्या फाईलकडे वळवलं जात होतं. तुझं विंडोज आहे, तरी डोळे उघडे ठेव.

यात सगळे अडकतात ती गोष्ट वेगळीच आहे. रात्री लॅपटॉपच झोपला तर बारा वाजता उठून डाउनलोड कोण करणार? चार्जर लावून ठेव आणि पॉवर सेटिंगमध्ये 'स्लीप' 'नेव्हर' कर. माझी पहिली पूर्ण रात्र यातच गेली होती, सकाळी बघतो तर शून्य टक्के.

उतरवायला काय, तर नासाचे बहुतेक व्हिडिओ शाळेत दाखवायला मोकळे आहेत. इंटरनेट आर्काइव्हवर जुने माहितीपट मिळतात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेतच. चंद्राचे खड्डे मुलांना टीव्हीवर मोठे करून दाखव, मजा येईल.

राहिला प्रश्न मूळ फाईलींचा. लहान केल्या तरी मूळ काढायच्या नाहीत, त्या दुसरीकडे हलवायच्या. माझ्याकडे ५०० जीबीची एक हार्ड डिस्क नुसती पडून आहे. सोमवारी कुरियर करतोय, शाळेच्या पत्त्यावर. सगळं तिच्यात भर. फोनमधून काही काढायचं असेल तर ते डिस्कवर उघडून, चालतंय हे बघूनच काढ. डिस्क येईपर्यंत फोन भरला तर भरू दे, नवे फोटो चार दिवस काढू नकोस.

आणि त्या पावरीवाल्या मुलाचा तुकडा मला पाठव, डॉक्युमेंट म्हणून. वहिनींना नमस्कार, चिमीला लाड.

तुझा,
अनिल