दूध कमी कर, पम्या

सिंहगड रोड, पुणे
रविवार सकाळ

प्रिय पम्या,

सप्रेम नमस्कार. चिमीचा रिपोर्ट पाहिला. दीड वर्षाच्या पोरीचं हिमोग्लोबिन ८.७ म्हणजे अंगावर काढायचं दुखणं नाही. तू विचारतोस, ‘दिवसाला लिटरभर दूध पाजतो, तेही प्लस एफवालं, मग रक्त कमी कसं?’ अरे, घोळ त्या लिटरातच आहे.

डेअरीच्या लॅबमध्ये हेच दूध रोज माझ्या हाताखालून जातं. पिशवीवर निळं ‘प्लस एफ’ असलं की त्यात अ आणि ड जीवनसत्त्व घातलेलं असतं, बाकी काही नाही. टोन्ड दूध करताना फॅट काढतात, त्याबरोबर ही दोन्ही जातात. तीच परत घालायची: लिटरला ‘अ’ २७० ते ४५० मायक्रोग्रॅम आणि ‘ड’ ५ ते ७.५. रक्तासाठी लागणारं लोह म्हणशील तर औषधालाही नाही! मुळात दुधातच ते लिटरला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, आणि चिमीच्या वयाला रोज लागतं ८ मिलिग्रॅम. वर दुधातलं कॅल्शियम नि केसिन (दुधातलं प्रथिन) इतर अन्नातलं लोहही धड अंगी लागू देत नाही. शिवाय लिटरभर दुधाच्या सहाशेच्या आसपास कॅलरी होतात, तिची दिवसभराची गरज हजार-अकराशे. मग वरणभात समोर आला की पोरगी तोंड फिरवणारच. त्याला तुम्ही ‘खातच नाही’ म्हणता आणि पुन्हा बाटली देता.

दुधात लोह घालता येत नाही असं नाही. दिल्लीत लहान मुलांना लोह, जस्त वगैरे घातलेलं पावडरचं दूध देऊन पाहिलं होतं. २००७ साली त्याचे निकाल आले: जुलाब १८ टक्क्यांनी कमी, न्यूमोनियासारखे आजार २६ टक्क्यांनी कमी. पण ते दूध वेगळं. पिशवीच्या दुधात लोह घालायचं तर चव बिघडते, फॅट खवट होतं, म्हणून आपल्याकडे ते कुणी घालत नाही.

आणि वहिनींना म्हणावं, जिवाला लावून घेऊ नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं ॲनिमियाची निघाली. त्यात आपल्यासारखी खाऊनपिऊन सुखी घरंही आली.

आता करायचं काय? बाटली बंद. दूध कपातून, जेवणानंतर, दिवसाला चारशे मिलीच्या आत. डॉक्टरांनी दिलेले लोहाचे थेंब दुधाबरोबर अजिबात नकोत, मधल्या वेळी दे, वर लिंबूपाणी पाज. शी काळी होईल, घाबरू नकोस. दातांवर डाग पडू नयेत म्हणून थेंब जिभेवर मागे सोडायचे आणि नंतर पाणी पाजायचं. अंगणवाडीतलं आठवड्यातून दोनदा द्यायचं सिरप ॲनिमिया होऊ नये म्हणून असतं, ८.७ ला ते पुरणार नाही. त्याचं काय करायचं ते डॉक्टरांनाच विचार. खायला मोड आलेली मटकी मऊ शिजवून, लिंबू पिळून. नाचणीची पेज, अळिवाची खीर, तुमच्याकडे चालत असेल तर अंडं, चिकनची कलेजी. आणि संध्याकाळी चहात बुडवलेली खारी तिला देता ना, ती आधी थांबवा. चहाही लोहाच्या आड येतो.

काकूंना हे पटणार नाही. ‘दुधाशिवाय पोरं वाढतात होय?’ म्हणतील. त्यांना सांग, दूध तोडायचं नाही, फक्त त्याला जेवणाची जागा द्यायची नाही. आणि तापवलेल्या दुधावरची साय त्या तुपासाठी काढून ठेवतात ना, त्या सायीबरोबर आम्ही घातलेलं अ आणि ड बरंचसं तुपाच्या भांड्यात जातं. चिमीच्या कपात थोडी साय राहू दे म्हणावं. हे माझ्या नावावर सांग, माझ्यावर त्या रागावत नाहीत.

महिन्याभराने डॉक्टर पुन्हा रक्त तपासायला सांगतील. चुकवू नकोस, आणि आकडा आला की त्याच दिवशी फोन कर. हिमोग्लोबिन वर आलं तरी थेंब काही महिने चालू ठेवायचे असतात, कारण शरीरातला साठा भरायला वेळ लागतो. मनाने बंद करू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे, दोन दिवसांत बरं वाटलं की गोळ्या खिडकीत!

तुझा,
अव्या